पणजोबांचा दावा, आजीचं माहेर

घराण्याचा माग काढणाऱ्या वाचकांची पत्रं बरीच साठली होती. त्यातली कोर्टाचे कागद आणि जुनी वर्तमानपत्रं यांच्याशी जोडलेली इथे घेतली आहेत. पत्रं आखूड केली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमच्या पणजोबांनी चुलतभावाविरुद्ध जमिनीचा दावा ‘पार हायकोर्टापर्यंत’ लढवला, असं घरात सांगतात. काळ अंदाजे १८८५ ते १८९५. नंबर, तारीख काही नाही. ऑनलाइन आडनाव टाकून काहीच मिळत नाही. (वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : आडनाव टाकलंत, तिथेच गाडी अडली. त्या काळच्या दप्तरात माणूस सापडतो तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. ‘सखाराम बिन तुकोजी’, ‘रामजी वलद नारायण’. बिन आणि वलद म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, कोम म्हणजे ‘अमक्याची बायको’. ब्राह्मण घरांत बहुधा हे शब्द नसतात, नुसतं ‘वामन रघुनाथ’ असतं. छापील निकालाच्या मथळ्यावर तर तेवढंही नसतं. नवऱ्याची परवानगी नसताना विधवेला दत्तक घेता येतो का, यावरचा १८६८ चा गाजलेला निकाल ‘रखमाबाई विरुद्ध राधाबाई’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. कुठल्या गावच्या रखमाबाई, हे आत वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आधी पणजोबा, त्यांचे वडील, तो चुलतभाऊ आणि त्याचे वडील अशी चार नावं आणि गाव कागदावर मांडा. इंग्रजी स्पेलिंगाचे जेवढे प्रकार सुचतील तेवढे लिहा. वासुदेव डब्ल्यूनेही सापडतो आणि व्हीनेही, गणेशमधला पहिला ‘अ’ कधी एने तर कधी यूने, आणि जुन्या पानांवर दीर्घ ऊ दोन ओंनी. प्रतिवादीचं नाव आधी आलं तर दचकू नका. मुंबईच्या अहवालांत अपील करणारा पहिला येतो आणि नावापुढे ‘मूळ प्रतिवादी’ किंवा ‘मूळ वादी’ असं छापलेलं असतं. पणजोबा खाली जिंकले असतील तर ते दुसऱ्या क्रमांकावर असतील.

मुंबई हायकोर्ट १८६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. १८६२ ते १८७५ चे निवडक निकाल ‘बॉम्बे हायकोर्ट रिपोर्ट्स’च्या बारा खंडांत आहेत. त्यात मूळ शाखा आणि अपील शाखा यांचे पानक्रमांक वेगळे चालतात, म्हणून नुसता खंड-पान नंबर टिपला तर चुकीचं पान उघडतं, शाखाही टिपा. १८७६ पासून ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई मालिका. तिचं वर्ष काढायला खंडाच्या आकड्यात १८७६ मिळवायचे. नववा खंड १८८५ चा, चौदावा १८९० चा. तुमच्या काळासाठी नऊ ते एकोणीस हे खंड काढा. १८९९ पासून ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ही आहे. यातलं बरंच स्कॅन होऊन खुल्या संकेतस्थळांवर आलंय. पण शोधपेटीवर विसंबू नका, प्रत्येक खंडाच्या सुरुवातीची खटल्यांची यादी डोळ्यांनी वाचा. अकरा याद्या म्हणजे एका दुपारचं काम.

छापील खंडांत येतो तो कायद्याचा काही मुद्दा असलेला खटला. बांधाच्या आणि वाटपाच्या साध्या अपिलांना तिथे जागा नव्हती. तिथे नाव नाही म्हणून घरची गोष्ट खोटी ठरत नाही. मात्र घरोघरी ‘हायकोर्ट’ म्हणून सांगितलं जातं ते पुष्कळदा जिल्हा कोर्ट असतं, आणि ‘लंडनपर्यंत गेला’ याला तर आणखी चाळणी लावावी. प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाकडे, हक्काने जायला दाव्याची किंमत साधारणपणे १०,००० रुपये लागायची. त्या काळात ती रक्कम म्हणजे इनामदार, सावकार किंवा मोठा व्यापारी. तसं घर असेल तर जरूर बघा. हिंदुस्थानातली अपिलं तिथे १९४९ पर्यंत चालली, निकाल फुकट वाचता येतात.

निकाल सापडला की त्याच्या डोक्यावरच्या दोन ओळी सगळ्यात मोलाच्या: ‘सेकंड अपील नंबर अमुक, सन १८८९’, आणि कोणत्या जिल्हा न्यायाधीशाच्या निकालावर. तिथून खाली उतरायचं. खालच्या कोर्टातला नंबर (रे.मु.नं., म्हणजे रेग्युलर मुकदमा) आणि वर्ष मिळालं की जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देता येतो. तुम्ही पक्षकार नसल्यामुळे अर्जासोबत नातं आणि कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडा. माहिती अधिकाराचा अर्ज ठोकू नका. कोर्टाच्या कागदांना नकलेचे स्वतःचे नियम आहेत, त्यामुळे तो परत येतो. नंबर नसेल तर दाव्यांचं रजिस्टर बघायची परवानगी मागा, वर्षाची मर्यादा घालून. ‘१८८५ ते ९५ सगळं’ असं लिहिलेला अर्ज कोणताही कारकून बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

सातारकरांनी एक लक्षात ठेवावं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, तोच पुढे सांगली जिल्हा. गाव त्या बाजूचं असेल तर दोन्हीकडे विचारा. आणि १८४८ पूर्वीचं असेल तर ते छत्रपतींच्या राज्यातलं प्रकरण, त्याची वाट पुणे पुराभिलेखागाराकडे जाते.

हातात काय पडेल? पूर्ण बाड क्वचित. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त काळ ठेवतात, जबान्या आणि किरकोळ अर्ज आधी नष्ट होतात. पक्षकारांनी हजर केलेले मूळ दस्त काम संपल्यावर परत दिले जायचे. फेरिस्तीवर (हजर केलेल्या कागदांच्या यादीवर) निशाणी नंबराच्या, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेल्या नंबराच्या, शेजारी ‘परत मिळाले’ आणि खाली अंगठा किंवा मोडी सही दिसली, की तो कागद कोर्टात शोधण्यात अर्थ नाही. तो कधीकाळी तुमच्याच माळ्यावरच्या पेटीत आला होता.

निकालात किंवा निशाणीत वंशावळ सापडली तर हुरळून जाऊ नका. ती दाव्यासाठी केलेली असते. निपुत्रिक गेलेले भाऊ गाळलेले असतात, मुली बहुधा नसतातच, आणि ज्याला वाटा द्यायचा नाही त्याची फांदी हळूच छाटलेली असते. दोन्ही बाजूंच्या वंशावळी शेजारी ठेवा. भांडणाऱ्या दोघांनीही जे नाव मान्य केलं ते बहुधा पक्कं. जिथे फरक पडतो, तिथे न्यायाधीशाने काय मानलं आणि कशाच्या आधारे, ते वाचा.

जमीन वतनाची असेल तर दिवाणी कोर्टात वेळ घालवण्याआधी कलेक्टर कचेरीचं रेकॉर्ड बघा. १८७४ च्या वतन कायद्याने वारसाचे बरेच वाद महसुली अधिकाऱ्यांपुढे गेले. इनाम असेल तर इनाम कमिशनच्या कैफियती पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. सनद कोणी दिली, कोणाकडून कोणाकडे आली, हे इनामदाराने स्वतः त्यात सांगितलेलं असतं. कैफियत मोडीत असते. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सोडल्यावर गाठ, क्रम आणि वरची चिठ्ठी जशी होती तशीच परत ठेवा. चिठ्ठी बदलली की तो कागद पुढच्या माणसासाठी हरवलाच.

प्रश्न : घरच्या एका मोडी कागदाचं लिप्यंतर करून घेतलं. त्यावर ‘सन इहिदे सबैन मया व अलफ, छ १२ रमजान’ असं आहे. हे कोणतं साल? (वाचक, जुन्नर)

उत्तर : हा सुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना. अरबी आकडे एककापासून वाचायचे: इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११७१. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुमारास लागतं, म्हणून जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ आणि जानेवारी ते मे ला ६०० मिळवायचे. तुमचं वर्ष जून १७७० ते जून १७७१. पडताळ्यासाठी पानिपत धरा: जानेवारी १७६१ म्हणजे इहिदे सितैन मया व अलफ, ११६१ अधिक ६००.

‘छ’ म्हणजे चंद्र, पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातला दिवस. ती आपली तिथी नव्हे. शुद्ध बारस धरून पंचांगात शोधलंत तर चुकाल. त्या वर्षीचा १२ रमजान डिसेंबर १७७० च्या अखेरीस येतो. लिप्यंतर करणाऱ्याला एकच विचारा, सबैन की तिसैन? घाईच्या मोडीत दोन्हीचा घोटाळा होतो आणि वीस वर्षांचा फरक पडतो.

प्रश्न : आजोबांचे वडील १९१८ च्या इन्फ्लुएंझात पुण्यात वारले. ‘केसरी’त आणि ‘ज्ञानप्रकाशा’त बातमी असेल म्हणून स्कॅन केलेल्या अंकांत नाव शोधलं, काही मिळालं नाही. ते सरकारी कचेरीत कारकून होते. (वाचक, पुणे)

उत्तर : साध्या कारकुनाच्या मृत्यूची बातमी तेव्हा छापून येत नसे. निधनाच्या जाहिराती घराघरांतून द्यायची पद्धत पुष्कळ नंतरची. वकील, मामलेदार, शिक्षक, देणगीदार असता तर चार ओळी आल्या असत्या. तेव्हा बातमी सोडा, नोटीस शोधा.

माणूस गेला, त्याचं थोडं येणं किंवा घर मागे राहिलं, की कुटुंबाला वारसदाखला लागतो. मुंबई इलाख्यात तो १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळायचा. त्यासाठी कोर्ट जाहीरनामा काढतं: अमुक मयत, त्याचा अमुक वारस दाखला मागतो, कोणाची हरकत असल्यास इतक्या मुदतीत यावे. हा मजकूर वर्तमानपत्रात मिळाला तर त्यात मयताचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, अर्जदाराचं नातं आणि ‘किरकोळ अर्ज नंबर’ असतो. तो नंबर म्हणजे कोर्टाच्या बाडाची किल्ली. साथीची मोठी लाट सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ ची, पण असा अर्ज लगेच होत नाही. १९१९ आणि १९२० चे अंक चाळा.

दुसरा प्रकार समन्सचा. प्रतिवादी सापडत नसेल तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समन्स वर्तमानपत्रात छापता येतं. त्यात त्याचं ‘शेवटचं माहीत असलेलं राहण्याचं ठिकाण’ येतं. मुंबईला, कराचीला किंवा आफ्रिकेला निघून गेलेला चुलता असा सापडू शकतो.

आता स्कॅनबद्दल. यंत्राला जुना मराठी टाइप नीट वाचता येत नाही, जोडाक्षरं फुटतात. शिवाय तेव्हाचं लेखन अनुस्वारांनी भरलेलं: कांहीं, नाहीं, गांवीं, कोर्टांत. आजच्या लेखनाने शोधलंत तर ‘गावी’ मिळणार नाही. जोडाक्षर नसलेले छोटे शब्द टाका: ‘मयत’, ‘वारस’, ‘हरकत’, किंवा गावाचं नाव सोपं असेल तर ते. तरीही शेवटी पानं उलटावीच लागतात. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता, दर मंगळवारी निघायचा, म्हणजे वर्षाचे बावन्न अंक. ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ पासून दैनिक, तिथे काम सहापट. आधी ‘केसरी’ संपवा.

मूळ फायली बघायच्या तर पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी. पण कोणत्या वर्षाची फाइल आहे आणि ती हाताळण्याजोगी आहे का, हे आधी फोन करून विचारा. त्या काळचा कागद पिवळा पडून कडेने बिस्किटासारखा मोडतो. पान कोपऱ्याला धरून उलटू नका, मधून तळहात घालून उचला. बांधणीत आतला रकाना शिवणीत जातो आणि जाहिरातींच्या पुरवण्या पुष्कळदा बांधलेल्याच नसतात, म्हणून ‘त्या अंकात नाही’ असं लिहिताना कोणत्या ग्रंथालयाची फाइल हेही वहीत टिपा.

ते सरकारी नोकर असल्याने मुंबई सरकारचं गॅझेट (१८३१ पासून) चाळण्यासारखं आहे, पण कारकुनाचं नाव त्यात येण्याची आशा थोडी. पदवीधर असते तर मुंबई विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरात नाव आणि वर्ष हमखास.

प्रश्न : आमचं गाव लातूर जिल्ह्यात. निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत म्हणतात. कुठे जावं? (वाचक, उदगीर)

उत्तर : लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी उस्मानाबाद. तेव्हा जुन्या बाडांसाठी धाराशिवलाही विचारा. उदगीर आणि अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, म्हणून गावाचा जुना तालुका-जिल्हा आधी पक्का करा.

इनाम किंवा वतन असेल तर ‘मुंतखब’ हा शब्द धरा. अतियात, म्हणजे इनामांच्या, खात्याच्या चौकशीचा तो निकाल, आणि त्याला शजरा, म्हणजे वंशावळ, जोडलेला असू शकतो. कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात २०२३ पासून बरेच जुने महसुली कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. तुमचा हेतू निराळा असला तरी ते वाचायला कोण अडवतंय?

हैदराबादचा फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने लागायचा. ऑक्टोबर ते डिसेंबरला ५९०, पुढे ५९१ मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. उर्दू वाचून देणाऱ्याला नावांची यादी आधीच द्या. घाईच्या उर्दूत टिंबं गळतात आणि मग बाबू, नानू, तातू तिघेही एकसारखे दिसतात.

प्रश्न : आम्ही गिरगावात चार पिढ्या, मूळ गाव फोंड्याजवळ. गोव्यात कोर्टाचे कागद मिळतील? (वाचक, मुंबई)

उत्तर : ब्रिटिश मुलखापेक्षा तिथे जास्त मिळण्याची शक्यता आहे. पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्या पद्धतीत मृत्यूनंतर मालमत्तेची इन्व्हेंटरी कोर्टात होते आणि सगळे वारस नावानिशी, नात्यानिशी मांडले जातात. त्यात मुली आणि जावईही दिसतात, जे आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत जवळजवळ कधीच दिसत नाही. तुमचे पूर्वज मुंबईला आल्यानंतर गावाकडे कोणी वारलं असेल, तर गैरहजर वारस म्हणून त्यांचं नाव तिथे असू शकतं. सुरुवात पणजीच्या पुराभिलेखागारापासून करा, ते १५९५ मध्ये सुरू झालं. सरकारी ‘बोलेतीं’ (तिथलं गॅझेट) १८३७ पासूनचं, त्यात कोर्टाच्या नोटिसा शोधा. जन्म-मृत्यू-लग्नाची नागरी नोंदणी १९१४ पासून.

नाव शोधताना पोर्तुगीज कानाने ऐका. श ला एक्स लागतो, म्हणून शंकर यादीच्या शेवटी सापडेल. केशव क्यूमध्ये, कामत सीमध्ये, आणि शेणवी ‘सिनाय’ होऊन.

प्रश्न : आजोबा दत्तक गेलेले. मूळ घर कोणतं, हे सांगणारं कोणी उरलं नाही. (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : दत्तकपत्र नोंदवणं सक्तीचं नव्हतं, विधीने दत्तक पुरा व्हायचा. पण घरात जमीन असली तर शहाणे लोक नोंदवत. दुय्यम निबंधकाकडे ‘इंडेक्स टू’ मागू नका, तो स्थावराचा. दत्तकपत्र बहुधा पुस्तक ४ मध्ये जातं आणि त्याची सूची इंडेक्स ४. ते सर्वांना खुलं नसतं, पक्षकार किंवा त्यांचे प्रतिनिधी यांनाच नक्कल मिळते, म्हणून वारस असल्याचे कागद सोबत न्या. दत्तक घेण्याचा अधिकार नवऱ्याने लिहून ठेवला असेल तर तो मृत्युपत्रांसोबत पुस्तक ३ मध्ये, आणि लिहून देणारा वारल्यावर त्याची नक्कल कोणीही मागू शकतो. दोन्हीकडे काही नसेल तर आजोबांच्या पहिल्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. मधलं नाव खोडून दुसरं लिहिलेलं असेल, तर खोडलेलं वाचायचं.

प्रश्न : आजीच्या आईचं माहेर सापडत नाही. सासरची सात पिढ्यांची वंशावळ आहे, तिच्यात तिचं नुसतं ‘पत्नी’ एवढंच. (वाचक, नाशिक)

उत्तर : लग्नात नावही बदलल्यामुळे सरळ वाट बंद आहे. बाईचं माहेर कागदावर येतं ते बहुतेक काही बिनसल्यावर. ती तरुणपणी विधवा झाली होती का? मुलं लहान होती का? तसं असेल तर ‘अज्ञान अमुक, अ.पा.क. आई’ अशी नोंद शोधा, अज्ञान म्हणजे अल्पवयीन, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणार. पालक नेमायचा अर्ज १८९० च्या कायद्याखाली झाला असेल, तर अज्ञानाचे जवळचे नातेवाईक कोण आणि ते कुठे राहतात हे अर्जात लिहावंच लागायचं. तिथे मामा गावासकट सापडतो. १८९० पूर्वीची प्रकरणं १८६४ च्या मुंबई अज्ञान कायद्याखाली. अन्नवस्त्राचा दावा झाला असेल तर तिची जबानी मिळवा. जबानीच्या सुरुवातीला वय आणि राहण्याचं ठिकाण लिहितात, आणि सासर सोडलेली बाई भावाच्या घरचाच पत्ता देते. नवऱ्याने ‘नांदायला पाठवा’ म्हणून दावा लावला असेल, तर प्रतिवादींत तिच्या बापाचं नाव आहे का ते बघा.

यातलं काहीच घडलं नसेल, ती सुखाने नांदली असेल, तर कोर्ट सोडून जन्मनोंदीकडे या. पहिलं बाळंतपण माहेरी. थोरल्या मुलाचा किंवा मुलीचा जन्म सासरच्या गावच्या नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, नसेल आणि धाकट्यांचे सगळे असतील, तर ती रिकामी जागाच माहेरची खूण. थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावरचं जन्मगाव काढा आणि त्या गावचा नमुना १४ तहसील कचेरीत मागा.